हायबरनेट केलेल्या कॉम्प्युटरची मेमरी ठेवावी कुठे?

आषाढात आमच्या खानापूर तालुक्यात पाऊस धरला की लाईटचा भरवसा नसतो. जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला तर तारेवर एक फांदी पडली की संध्याकाळी गेलेली लाईट कधी दुसऱ्या दिवशी दुपारी येते. माझं डीटीपीचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. एका मशीनवर मराठी लग्नपत्रिका, मंडळांचे अहवाल. दुसऱ्यावर नुडी या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधला मजकूर आणि उताऱ्याचे अर्ज. दोन्हीकडे एकाच वेळी दहा फाइली उघड्या. अशा ठिकाणी हायबरनेट, म्हणजे उघडं काम डिस्कवर ठेवून मशीन पूर्ण बंद करणं, ही रोजच्या गरजेची गोष्ट आहे.

हा लेख लिहायला निमित्त झालं ते एका पोराचं. गणपतीच्या आधी मंडळाचा अहवाल करायला तो त्याच्या लॅपटॉपवर रात्री उशिरापर्यंत बसला होता. जाहिराती, वर्गणीदारांची यादी, हिशेब, सगळं उघडं ठेवून त्याने लॅपटॉप हायबरनेट केला. सकाळी चालू केला तर समोर कोरा डेस्कटॉप. माझ्याकडे आला तेव्हा चेहरा उतरलेला. "काका, मी नुसता झोपवला नव्हता हो. हायबरनेटच केला होता. पंखा थांबला, दिवा विझला, मगच मी बॅगेत घातला."

त्याचं खरं होतं. त्याच्या लिनक्स मिंटने रॅममधलं सगळं डिस्कवर व्यवस्थित लिहिलं होतं. पण सकाळी उठताना ते कुठे शोधायचं हे त्या मशीनला कोणी सांगितलंच नव्हतं. त्यामुळे ते नेहमीसारखं नव्याने सुरू झालं, स्वॅपची जागा (रॅमला जोड म्हणून डिस्कवर राखलेली) पाहिली, तिच्यावरची हायबरनेटची खूण पुसली आणि ती जागा पुन्हा साध्या वापराला घेतली. चार तासांचं टायपिंग त्या एका खुणेबरोबर गेलं.

तेव्हापासून मी सगळ्यांना एकच सांगतो. मेमरी कुठे ठेवायची हे ठरवताना मशीन झोपते त्या क्षणाचा विचार पुरत नाही. मशीन उठते तेव्हाचा विचार करा. त्या वेळी विंडोज किंवा लिनक्स पूर्ण जागं झालेलं नसतं. अगदी थोडे ड्रायव्हर हाताशी असतात. तेवढ्यावर जी जागा हमखास सापडते, तीच योग्य जागा.

सुरू करण्याआधी कमांडबद्दल एक सांगतो. मी त्या इथे उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत, कारण गावागावांतल्या लोकांना फोनवर मी अशाच सांगतो. टाइप करताना त्या रोमन लिपीत, लहान अक्षरांत टाकायच्या. एखादा शब्द मोठ्या अक्षरांत हवा असेल तिथे तसं सांगितलं आहे.

स्लीप आणि हायबरनेट

स्लीपमध्ये रॅमला वीज चालूच राहते, म्हणून मशीन दोन सेकंदांत उठते. पण बॅटरी संपली किंवा डेस्कटॉपची लाईट गेली की रॅममधलं सगळं जातं. हायबरनेटमध्ये रॅममधल्या मजकुराची प्रत डिस्कवर लिहिली जाते आणि मशीन पूर्ण बंद होते. मग प्लग काढा, बॅटरी काढा, आठ दिवस लाईट नसू दे. उठताना ती प्रत परत रॅममध्ये भरली जाते आणि कर्सरसुद्धा होता तिथेच सापडतो.

या प्रतीला पुढे मी 'इमेज' म्हणेन. ती कुठे लिहायची हा प्रश्न जुनाच आहे. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये हे काम बायोस (मशीन सुरू करणारा बोर्डवरचा प्रोग्राम) करायचा आणि त्यासाठी डिस्कवर वेगळं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा एक भाग, राखून ठेवावं लागायचं. रॅम वाढवली की ते पार्टिशन मोडून पुन्हा मोठं करायचं. आता ते काम ऑपरेटिंग सिस्टीम करते. विंडोजने आणि लिनक्सने त्यासाठी दोन वेगळ्या वाटा धरल्या आहेत.

विंडोजवर: जागा ठरलेली, आकार आपल्या हातात

विंडोज ही इमेज सी ड्राइव्हच्या अगदी वरच्या पातळीवर 'हायबरफिल डॉट सिस' नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये ठेवते. ती डी ड्राइव्हवर हलवता येत नाही. अनेकजण विचारतात, "सी भरलाय, डीवर टाकता येईल का?" येत नाही. कारण तेच, उठण्याच्या वेळी विंडोजच्या बूट प्रोग्रामला सी ड्राइव्हची वाट ठाऊक असते. तुमचा सी जुन्या हार्ड डिस्कवर असेल आणि नवी एसएसडी नुसती दुसरी डिस्क म्हणून जोडली असेल, तर हायबरनेटला तिचा काही उपयोग नाही. अख्खी विंडोजच एसएसडीवर न्यावी लागते.

आधी मशीन काय काय करू शकते ते पाहून घ्या. स्टार्टवर 'सीएमडी' टाइप करून राइट क्लिक करा आणि 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' निवडा. काळ्या खिडकीत टाका: पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश ए. चालू असलेल्या प्रकारांत हायबरनेट दिसलं तर उत्तम. बंद असेल तर: पॉवरसीएफजी, स्पेस, स्लॅश एच, स्पेस, ऑन.

इथे एक तक्रार मांडतोच. आमच्या भागात पुण्या-बेंगळुरूहून आलेले जुने ऑफिस लॅपटॉप खूप विकले जातात. त्यांत १२० जीबीची एसएसडी असते. सी भरला की लोक दुरुस्तीला नेतात आणि दुरुस्तीवाला जागा मोकळी करायला हायबरनेट 'ऑफ' करून देतो. फाइल पुसली जाते, पाच-सहा जीबी सुटतात, गिऱ्हाईक खूश होतं. पुढे लाईट जाते तेव्हा कळतं की मेनूतला हायबरनेटच गायब आहे. असं परस्पर करू नये, निदान माणसाला सांगून तरी करावं. जागाच हवी असेल तर जुने डाउनलोड आणि टेम्पररी फाइली आधी काढा.

विंडोज १० आणि ११ ही फाइल साधारण रॅमच्या ४० टक्के एवढी धरतात. म्हणजे १६ जीबी रॅमला सहा-साडेसहा जीबी. इमेज दाबून लिहिली जाते म्हणून एवढी बहुधा पुरते. कोरल, ब्राउझरचे वीस टॅब आणि फोटोचं काम एकदम उघडं ठेवणाऱ्याला कधी कमी पडते आणि हायबरनेट अर्ध्यावर परत येतं. तसं झालं तर: पॉवरसीएफजी, स्लॅश एच, स्लॅश साइझ, ६०. रॅम पूर्ण भरून काम करणाऱ्याने १०० ठेवलं तरी हरकत नाही. 'टाइप रिड्यूस्ड' हा पर्याय मात्र घेऊ नका. त्याने फाइल लहान होते, पण ती फक्त फास्ट स्टार्टअप या विंडोज लवकर सुरू करायच्या सोयीपुरती उरते आणि खरं हायबरनेट जातं.

मेनूत बटण आणायला कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे 'चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू', मग वरची 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' ही ओळ, आणि खाली हायबरनेटवर टिक. लॅपटॉपवाल्यांनी झाकण मिटल्यावर काय व्हावं यात बॅटरीच्या रकान्यात हायबरनेट निवडावं. बॅगेत तापणारा लॅपटॉप हा रोग बऱ्याचदा तेवढ्यानेच बरा होतो.

लिनक्सवर: पार्टिशन की फाइल?

इथे जागा निवडायची मोकळीक आहे, म्हणून चुकायचीही आहे. लिनक्स ही इमेज स्वॅपमध्ये लिहितो. स्वॅप एकतर डिस्कवरचं वेगळं पार्टिशन असतं किंवा मुख्य पार्टिशनमधली एक मोठी फाइल.

माझं मत सरळ आहे. मशीन नव्याने बसवत असाल तर आतल्या एसएसडीवर वेगळं स्वॅप पार्टिशन करा. उठताना त्याचा पत्ता एका ओळीत सांगता येतो, वरच्या फाइल सिस्टीमशी (डिस्कवर फाइली मांडून ठेवायच्या पद्धतीशी) त्याला देणंघेणं नसतं आणि पुढे मोडायला त्यात फारसं काही नसतं. मशीन आधीच बसलेली असेल, कामात असेल, तर पार्टिशन हलवायच्या भानगडीत पडू नका, स्वॅप फाइल करा. ती तेवढ्याच भरवशाने चालते, फक्त पत्ता दोन भागांत द्यावा लागतो: फाइल कोणत्या पार्टिशनवर आहे आणि त्या पार्टिशनमध्ये ती नेमकी कितव्या ठोकळ्यापासून सुरू होते. कारण त्या वेळी फाइल सिस्टीम उघडलेली नसते. फाइलचं नाव सांगून उपयोग नाही, थेट डिस्कवरची जागा मोजून सांगावी लागते. घराचा नंबर माहीत नसला तर पोस्टमनला 'चौथ्या गल्लीत, डावीकडून सातवं घर' असं सांगतो, तसंच.

आकार किती? कर्नल (लिनक्सचा गाभा) आपणहून इमेज रॅमच्या दोन पंचमांश एवढी ठेवायचा प्रयत्न करतो आणि दाबूनही लिहितो. तरी मी रॅमएवढी आणि वर थोडी असा हिशेब धरतो, कारण हायबरनेट करताना स्वॅपमध्ये आधीच काही पडलेलं असू शकतं. ८ जीबी रॅमला १० जीबी, १६ ला १९-२०. मिंट किंवा उबुंटू बसवताना आपोआप होणारी स्वॅप फाइल बऱ्याचदा २ जीबीचीच असते. ती हायबरनेटसाठी नसतेच, हे ध्यानात ठेवा.

कुठे ठेवू नये हेही सांगतो. यूएसबीला जोडलेल्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर नको. उठताना यूएसबी जागी व्हायला वेळ लागतो, आणि दरम्यान कोणी ती काढून दुसऱ्या पोर्टला लावली किंवा घरी नेली तर इमेज असूनही नसल्यासारखी. झेडरॅमवर तर नकोच. झेडरॅम म्हणजे रॅममध्येच दाबून केलेली स्वॅप. वीज गेली की तीही गेली. ती चालू असेल तर बंद करायची गरज नाही, पण तिच्या जोडीला डिस्कवरची खरी स्वॅप हवी. झेडएफएस ही फाइल सिस्टीम वापरणाऱ्यांनी त्यातल्या स्वॅपवर हायबरनेट करू नये, बाहेर वेगळं पार्टिशन काढावं.

स्वॅप फाइल करायची कृती

मिंट आणि उबुंटूवर, मुख्य पार्टिशन ईएक्सटी४ या नेहमीच्या फाइल सिस्टीमचं असताना मी जसं करतो तसं सांगतो. आधी महत्त्वाच्या फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या. नंतर करू म्हणू नका.

टर्मिनल उघडा. 'फ्री हायफन एच' टाकून रॅम किती ते पाहा. 'स्वॅपऑन हायफन हायफन शो' टाकलं की आत्ताची स्वॅप कुठे आहे आणि किती आहे ते दिसतं. तिथे 'स्लॅश स्वॅपफाइल' दिसली तर तीच मोठी करू. नाव वेगळं असेल तर पुढे सगळीकडे ते नाव वापरा.

आधी ती बंद करा: सुडो स्वॅपऑफ स्लॅश स्वॅपफाइल. मग त्याच नावाने नवी फाइल लिहा: सुडो डीडी, आयएफ बरोबर स्लॅश डेव्ह स्लॅश झिरो, ओएफ बरोबर स्लॅश स्वॅपफाइल, बीएस बरोबर १एम, काउंट बरोबर १०२४०. यातला एम मोठा. हे १० जीबी झाले. 'ओएफ' पुढे काय लिहिलंय ते एंटर दाबण्याआधी बोट ठेवून वाचा. तिथे चुकून अख्ख्या डिस्कचं नाव पडलं तर डिस्क पुसली जाईल. लिहून होईपर्यंत स्क्रीनवर काही हलत नाही, थांबा. मग तीन छोट्या कमांड: सुडो सीएचमॉड ६०० स्लॅश स्वॅपफाइल, सुडो एमकेस्वॅप स्लॅश स्वॅपफाइल, सुडो स्वॅपऑन स्लॅश स्वॅपफाइल. फाइल आधीपासून ईटीसी फोल्डरातल्या 'एफएसटॅब' मध्ये नोंदलेली असेल तर तिथे काही बदलायचं नाही.

आता पत्ता. पार्टिशनची ओळख मिळते ती अशी: फाइंडएमएनटी, हायफन एनओ, यूयूआयडी, हायफन टी, स्लॅश स्वॅपफाइल. इथे यूयूआयडी हा शब्द आणि शेवटची टी मोठ्या अक्षरांत. एक लांबलचक आकडा येतो, चार हायफन असलेला. तो कॉपी करून ठेवा. इथेच लोक चुकतात: एमकेस्वॅप केल्यावरही एक यूयूआयडी छापून येतो, तो घेतात. तो फाइलच्या पोटातला आहे, उठताना कामाचा नाही. आपल्याला पार्टिशनचा हवा.

मग: सुडो फाइलफ्रॅग हायफन व्ही स्लॅश स्वॅपफाइल. लांब यादी येईल. शून्य क्रमांकाच्या पहिल्या ओळीत 'फिजिकल ऑफसेट' खालचा पहिला आकडा घ्या. त्याला जोडून उजवीकडे दोन टिंबं असतात, ती घ्यायची नाहीत. त्या पोराच्या लॅपटॉपवर मी हे करत होतो तेव्हा तो शेजारी बसून वहीत आकडा उतरवत होता आणि टिंबांसकट उतरवला. हसू नका, पहिल्यांदा मीही तेच केलं होतं आणि दोन तास शोधत बसलो होतो.

हे दोन आकडे दोन ठिकाणी जातात. पहिलं ठिकाण ग्रब, म्हणजे लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम: ईटीसी, डिफॉल्ट, ग्रब ही फाइल सुडो नॅनोने उघडा. 'ग्रब सीएमडीलाइन लिनक्स डिफॉल्ट' या ओळीत अवतरण चिन्हांच्या आत, 'क्वायट स्प्लॅश' च्या पुढे एक स्पेस देऊन लिहा: रिझ्यूम बरोबर यूयूआयडी (मोठ्या अक्षरांत) बरोबर आणि तो लांब आकडा; पुन्हा स्पेस; रिझ्यूम अंडरस्कोर ऑफसेट बरोबर आणि दुसरा आकडा. सेव्ह करून: सुडो अपडेट हायफन ग्रब.

दुसरं ठिकाण म्हणजे उठताना सगळ्यात आधी जागं होणारा छोटा भाग, इनिटरॅमएफएस. ईटीसी, इनिटरॅमएफएस-टूल्स, कॉन्फ डॉट डी या फोल्डरात 'रिझ्यूम' नावाची फाइल करा, तिच्यात एकच ओळ: रिझ्यूम (मोठ्या अक्षरांत) बरोबर यूयूआयडी (हाही मोठ्या अक्षरांत) बरोबर आणि तोच लांब आकडा. मग: सुडो अपडेट हायफन इनिटरॅमएफएस, हायफन यू, हायफन के, ऑल. पूर्ण रीस्टार्ट करा.

स्वॅप पार्टिशन असेल तर हेच सगळं, फक्त ऑफसेट नाही. आकडा 'सुडो बीएलकेआयडी' मध्ये स्वॅपच्या ओळीतून घ्यायचा.

बीटीआरएफएस या फाइल सिस्टीमवर थोडं वेगळं आहे. तिथे फाइल साध्या डीडीने करू नका. 'बीटीआरएफएस फाइलसिस्टम एमकेस्वॅपफाइल' ही कमांड ती बरोबर तयार करते आणि ऑफसेट 'बीटीआरएफएस इन्स्पेक्ट-इंटर्नल मॅप-स्वॅपफाइल हायफन आर' ने काढायचा. तिथे फाइलफ्रॅगचा आकडा चुकीचा ठरतो. फाइल वेगळ्या सबव्हॉल्यूममध्ये ठेवा, म्हणजे स्नॅपशॉट अडत नाहीत.

चालतं का ते पाहणं

लगेच खऱ्या कामावर भरवसा ठेवू नका. एक कोरी फाइल उघडा, तिच्यात चार ओळी लिहा, सेव्ह करू नका. टर्मिनलमध्ये: सिस्टमसीटीएल हायबरनेट. मशीन बंद झाली की डेस्कटॉपचा प्लग काढा, अर्धा मिनिट थांबा, पुन्हा चालू करा. त्या चार ओळी जागेवर असतील तर जमलं. असं दोन-तीनदा करा, एकदा ब्राउझर आणि कोरलच्या जागी जे वापरता ते सगळं उघडं ठेवून.

'स्लीप व्हर्ब हायबरनेट नॉट सपोर्टेड' असा काही निरोप आला तर पहिला संशय सिक्युअर बूटवर (सही नसलेली सिस्टीम सुरू होऊ न देणाऱ्या बायोसमधल्या सेटिंगवर) घ्या. तो चालू असताना बरीच लिनक्स कर्नल हायबरनेट बंदच ठेवतात. खात्रीसाठी: कॅट स्लॅश सिस स्लॅश पॉवर स्लॅश डिस्क. उत्तरात 'डिसेबल्ड' दिसलं तर कारण बहुधा तेच. बायोसमध्ये जाऊन तो बंद करता येतो, पण त्याच मशीनवर विंडोज असून बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर आधी रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नाहीतर विंडोज पुढच्या वेळी ती मागेल.

मशीन झोपते पण कोरीच उठते, म्हणजे पत्त्यात चूक. यूयूआयडी आणि ऑफसेट पुन्हा ताडून पाहा. दहातल्या नऊ वेळा माझ्याकडे तेच निघालं आहे.

दोन सिस्टीम एका मशीनवर असतील तर

हा भाग नीट वाचा, कारण इथे नुसतं टायपिंग जात नाही, डेटा खराब होतो. बऱ्याच पोरांच्या लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही असतात. एक सिस्टीम हायबरनेट केलेली असताना दुसरी चालू करून पहिलीच्या ड्राइव्हवर काही लिहायचं नाही. पहिलीच्या इमेजमध्ये त्या ड्राइव्हचं जुनं चित्र पकडलेलं असतं. ती उठते तेव्हा जुन्या चित्रावर विसंबून लिहिते, आणि मधे तुम्ही टाकलेल्या फाइली तर जातातच, फोल्डरची रचनाही बिघडते.

विंडोजमध्ये हे न कळत होतं, कारण फास्ट स्टार्टअप चालू असला की 'शट डाउन' सुद्धा अर्धं हायबरनेटच असतं. दोन्ही सिस्टीम ठेवणाऱ्याने फास्ट स्टार्टअप बंद ठेवावा. टिक त्याच पॉवर बटणांच्या पानावर आहे. दोन लिनक्स एकाच मशीनवर असतील तर दोघांना एकच स्वॅप पार्टिशन देऊ नका. दुसरी सुरू झाली की पहिलीची इमेज पुसली जाऊ शकते. प्रत्येकाला आपली स्वॅप द्या.

लोकांची कागदपत्रं

आमच्यासारख्या दुकानात दिवसभर लोकांची आधार कार्डं, बँक पासबुकं, जातीचे दाखले स्क्रीनवर असतात. हायबरनेट केलं की रॅममधलं सगळं, टाइप केलेले पासवर्डसुद्धा, डिस्कवर उतरतं. डिस्क उघडी असेल तर ती काढून दुसरीकडे लावणाऱ्याला ते वाचता येतं. म्हणून इमेज कुलूपबंद जागेतच हवी. विंडोजवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर हायबरफिलही त्याच्या आतच येते. लिनक्स बसवताना 'एन्क्रिप्ट' आणि एलव्हीएम निवडलं तर स्वॅपही त्या कुलपाच्या आत राहते. उठताना आधी पासवर्ड विचारतो, मग इमेज वाचतो. फक्त आतल्या स्वॅपचा आकार तपासा, लहान असते. एक प्रकार मात्र टाळा: दर वेळी नव्या यादृच्छिक किल्लीने बंद होणारी स्वॅप. पुढच्या वेळी किल्लीच बदललेली असते, इमेज कोणालाच उघडत नाही, तुम्हालाही नाही.

गिऱ्हाइकाचं काम अर्धं असताना एक लक्षात ठेवा. सरकारी पोर्टलचं लॉगिन आणि ओटीपी हायबरनेटने टिकत नाही. मशीन उठेल, पान दिसेल, पण तिकडच्या सर्व्हरने तुम्हाला केव्हाच बाहेर काढलेलं असेल. अर्ज 'ड्राफ्ट' म्हणून सेव्ह करूनच उठा.

लाईटचा खेळ असलेल्या ठिकाणी

डेस्कटॉपवाल्यांना मी हायब्रिड स्लीप वापरायला सांगतो. यात मशीन आधी इमेज डिस्कवर लिहिते आणि मग बंद न होता स्लीपमध्ये जाते. लाईट राहिली तर दोन सेकंदांत उठते, गेली तर डिस्कवरून उठते. जेवायला जाताना, बसस्टँडवर कोणाला आणायला जाताना हेच बटण दाबायचं. लिनक्सवर 'सिस्टमसीटीएल हायब्रिड हायफन स्लीप', विंडोजवर पॉवर ऑप्शन्सच्या अ‍ॅडव्हान्स्ड यादीत स्लीपखाली 'अलाउ हायब्रिड स्लीप' ऑन. नव्या लॅपटॉपांत हा पर्याय बहुधा दिसत नाही. तिथे ठरावीक वेळाने स्लीपमधून आपोआप हायबरनेटमध्ये जाण्याची वेळ लावा.

इमेज लिहायला जुन्या हार्ड डिस्कवर ४ जीबीला साधारण ४० सेकंद ते मिनिट जातं, साटा एसएसडीवर दहा-पंधरा सेकंद. दुकानातला ६०० व्हीएचा यूपीएस तेवढा वेळ आरामात देतो, त्याची बॅटरी मेलेली नसली तर. लाईट गेल्यावर आधी कंट्रोल एस, मग हायबरनेट. घरच्या इन्व्हर्टरवर डेस्कटॉप असेल तर मागे 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असं बटण असतं का पाहा. नॉर्मलवर असेल तर लाईटवरून बॅटरीवर जायला वेळ लागतो आणि कॉम्प्युटर रीस्टार्ट होतो.

कंट्रोल एस कशाला, इमेज आहे ना? तर ऐका. लिनक्स इमेज पूर्ण लिहून झाल्यावरच तिच्यावर खूण करतो. लिहिताना मधेच वीज गेली तर ती इमेज नाहीच असं धरलं जातं. आणि उठताना, वाचायला लागण्याआधीच तो ती खूण काढून टाकतो. म्हणजे उठत असताना मधेच पुन्हा लाईट गेली तर दुसऱ्यांदा संधी नाही. आमच्याकडे लाईट येताना दोन-तीनदा झटके देऊनच येते. म्हणून लाईट आल्यावर पाच मिनिटं थांबून मगच बटण दाबा, आणि डेस्कटॉपच्या बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर' या सेटिंगला बंद राहण्याचा पर्याय ठेवा, नाहीतर पहिल्या झटक्यालाच तो आपणहून उठायला लागेल.

एसएसडी झिजेल म्हणून हायबरनेट न करणारेही भेटतात. दिवसाला दोनदा ४ जीबी लिहिलं तरी वर्षाला तीन टीबीच्या आत. २५० जीबीच्या साध्या एसएसडीची लिहिण्याची हमी ८० ते १५० टीबीच्या आसपास असते. त्या भीतीने काम गमावू नका.

रॅम वाढवल्यावर

त्या पोराने दिवाळीत लॅपटॉपची रॅम ८ ची १६ केली आणि मला फोन केला, हायबरनेट पुन्हा चालेना. हे व्हायचंच. रॅम वाढली की स्वॅप फाइल मोठी करा, आणि फाइल पुन्हा लिहिली की तिचा ऑफसेटही बदलतो, पार्टिशनचा यूयूआयडी मात्र तोच राहतो. म्हणून फाइलफ्रॅग पुन्हा चालवून नवा आकडा ग्रबमध्ये टाकायचा आणि अपडेट-ग्रब करायचं. फोनवर दहा मिनिटांत झालं. या वेळी त्याने आकडा टिंबांशिवाय वाचून दाखवला.